पाचवीसाठी मुलींची शाळा: हुजूरपागा, अहिल्यादेवी की रेणुका स्वरूप?

नमस्कार, मदत हवी आहे. लेक चौथीत आहे, मराठी माध्यम. पाचवीपासून मुलींच्याच शाळेत, सेमी इंग्रजीला घालायचंय. राहतो पुण्यात धायरीत, त्यामुळे पीएमपीने (शहर बसने) स्वारगेटपर्यंत आणि पुढे दुसरी बस. व्हॅन परवडणारी नाही, इंग्रजी माध्यम नकोच.

तिन्ही शाळांना चांगलं नाव आहे, हुजूरपागेला तर 1884 पासूनचं. दहावीचे निकाल पाहून झाले, त्यावरून काही ठरत नाही. शाळांच्या ऑफिसात विचारलं की "प्रवेशाच्या वेळी या", एवढंच उत्तर. (ओळखीच्यांचं मत म्हणजे "आमची शाळाच बेस्ट"!)

सध्या ज्यांची मुलगी तिथे शिकतेय अशा पालकांनीच सांगा, माजी विद्यार्थिनींच्या आठवणी नंतर ऐकेन. पाचवीची शाळा सकाळची असते की दुपारची? हिवाळ्यात सहानंतर एकटी बसने येणं मला नको वाटतं. गणित-विज्ञान खरंच इंग्रजीतून शिकवतात, की पुस्तक इंग्रजी आणि समजावणं मराठीत? तसं असलं तरी चालेल, फक्त आधी कळायला हवं. आणि आठवीला संपूर्ण संस्कृत मागेल तिला मिळतं, की गुणांवर तुकडी ठरते?