प्रतिसाद: नऊ महिन्यांच्या भाच्याला काय खेळणं घ्यावं?

ताई, वर कुणीतरी मॅग्नेटचे ब्लॉक्स सुचवलेत, ते प्लीज आत्ता नको. नऊ महिन्यांचं बाळ सगळं आधी तोंडातच घालतं, आणि दोन लोहचुंबक गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना चिकटून भोक पाडू शकतात. तसंच बटण सेलचं, घशात अडकला तर दोन तासांत आतून जबर भाजतं, म्हणून गाणी वाजवणारं काही घ्याल तर सेलच्या झाकणाला स्क्रू आहे ना ते बघाच.

आम्ही इंदूरला राजवाड्यापाशी लेकीसाठी खुळखुळा घेतला होता, दिसायला छान, घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी शिवण उकलून आतले मणी बाहेर! नशीब मी जवळ होते, आजही आठवलं की छातीत धस्स होतं. तेव्हापासून मी आयएसआय मार्क बघितल्याशिवाय घेत नाही, १ जानेवारी २०२१ पासून तो खेळण्यांना कंपल्सरी आहे, दुकानदार काहीही म्हणू दे.

लाकडी हवं असेल तर आपल्याकडे मध्य प्रदेशात बुधनी गावची खेळणी मिळतात, पण ती घेतानाही मार्क, रंग आणि सुटे भाग बघून घ्या.

आणि खरं सांगू, या वयात स्टीलच्या वाट्या, डाव, झाकणाचा डबा यात बाळ जितकं रमतं तितकं महागड्या खेळण्यात नाही रमत, आत टाकायचं बाहेर काढायचं हाच त्याचा खेळ असतो. कापडी पुस्तक आणि मऊ चेंडू, मुठीपेक्षा मोठा, एवढं भाच्याला पुष्कळ आहे.