मुंबई लोकलच्या वेळापत्रकात बदल: प्रवाशांना आधी विचारावं की नुसतं नीट सांगावं?

वेळापत्रक_वाचक: ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेने एसी लोकलच्या फेऱ्या ५६ वरून ६६ केल्या. वाढलेल्या दहाही फेऱ्या साध्या गाड्यांच्या जागी आल्या. कळवा-बदलापूरला प्रवासी भडकले आणि आठवड्याच्या आत त्या दहाही मागे घ्याव्या लागल्या. माझं म्हणणं, साधी फेरी काढण्याआधी पंधरा दिवस हरकती-सूचना मागवा. पण ‘एसी लोकल हवी का?’ असं विचारू नका, त्याला कोण नाही म्हणेल? ‘ही साधी गाडी बंद होणार, पुढची साधी इतक्या मिनिटांनी, चालेल का?’ असं विचारा.

रूळमार्गी: अजिबात पटत नाही. गर्दीच्या वेळी नवी गाडी घालायला मार्गावर जागाच नसते, म्हणून एसी आली की एक साधी जाते. हरकती मागवून ते गणित बदलत नाही. बदलापूरकर म्हणतील कल्याणची काढा, कल्याणकर म्हणतील बदलापूरची. जून २०२४ चा महाब्लॉक (कामासाठी मार्ग बंद ठेवणं) आठवा: ठाण्याचा फलाट ५-६ रुंद करायला ६३ तास, सीएसएमटीचे (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) फलाट १०-११ चोवीस डब्यांच्या गाड्यांसाठी लांबवायला ३६ तास, एकूण ९३० लोकल रद्द. तिथे कोणाला काय विचारणार होतात? माणसाला आपली गाडी आहे की नाही, एवढंच वेळेवर कळायला हवं होतं.

वेळापत्रक_वाचक: ब्लॉकचं मी बोलतच नाही, ते काम टळत नाही. मी कायमच्या बदलाबद्दल बोलतोय. मे २०२२ मध्ये एसीचं एकेरी तिकीट निम्म्यावर आणलं, ५ किलोमीटरला ६५ चे ३० रुपये. पास मात्र स्वस्त झाला नाही, आणि सकाळच्या गर्दीत बहुतेक पासवालेच असतात. साधा पास एसीत चालत नाही, म्हणजे त्यांच्या लेखी ती गाडी रद्दच झाली. फलाटावर चार जणांना विचारलं असतं तरी हे कळलं असतं.

नाहूर_थांबा: ‘नीट सांगणं’ तरी कुठे होतं? रविवारी माटुंगा-मुलुंड धीम्या मार्गावर ब्लॉक असला की सूचना येते, ‘धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवण्यात येतील’. वाचणाऱ्याला वाटतं, बरं झालं, लवकर पोहोचू. विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूरला जलद मार्गावर फलाटच नाहीत, त्यामुळे तिथे गाडी थांबतच नाही. हे सूचनेच्या शेवटच्या ओळीत असतं. शनिवारी संध्याकाळीच नाहूरच्या तिकीट खिडकीशेजारी फळ्यावर खडूने तीन ओळी लिहा: ब्लॉकआधीची शेवटची गाडी, नंतरची पहिली गाडी, मधल्या वेळेत भांडुप किंवा मुलुंड गाठा. फलाटावरच्या इंडिकेटरचा उपयोग नाही, तोवर तिकीट काढून झालेलं असतं.

रूळमार्गी: फळ्याचं शंभर टक्के मान्य, आणि खर्च शून्य. सूचना लिहिणारा मार्गाच्या हिशेबाने लिहितो, प्रवासी स्टेशनच्या हिशेबाने वाचतो. प्रत्येक स्टेशनला त्याच्यापुरती वेगळी सूचना गेली पाहिजे. हरकतींचं मात्र अजूनही पटत नाही. समजा, सगळ्या विरोधातच आल्या, मग तो एसी रेक (डब्यांची अख्खी गाडी) कारशेडमध्ये उभा ठेवायचा?

वेळापत्रक_वाचक: उभा कशाला? ज्या साध्या गाडीच्या मागोमाग पाच-सात मिनिटांत दुसरी साधी आहे, तिच्या जागी चालवा. जिथे पंधरा-वीस मिनिटांचं अंतर पडतं, तिथे हात लावू नका. कोणती गाडी कोणाला सोडता येत नाही, हे तिथे रोज चढणाराच सांगू शकतो.

रूळमार्गी: अंतर तर वेळापत्रकातच दिसतं, त्याला हरकती कशाला?

नाहूर_थांबा: अंतर दिसतं. मागची गाडी भरून येते आणि मधल्या स्टेशनवर तिच्यात पाय ठेवता येत नाही, ते वेळापत्रकात दिसत नाही.