‘कलर-ब्लाइंड कास्टिंग’ला मराठीत काय म्हणाल?

वेलांटी:
‘किलिंग ईव्ह’वर लेख लिहितेय. ल्यूक जेनिंग्जच्या कथांवरून २०१८ साली आलेली हेरमालिका. मूळ कथांतली नायिका ईव्ह कोरियन वंशाची नाही, मालिकेत ती भूमिका कोरियन वंशाच्या सँड्रा ओहने केली. वंश न पाहता केलेल्या अशा निवडीला मी ‘वर्णांध पात्रनिवड’ म्हटलं. संपादकांनी त्यावर लाल गोल काढून लेख परत पाठवलाय, कारण काही सांगितलं नाही. काय चुकलं?

अनुस्वार:
अर्थ उलटा झालाय, एवढंच! धर्मांध म्हणजे ज्याला धर्म दिसत नाही तो का? धर्मापायी ज्याला दुसरं काही दिसत नाही तो. मदांध, कामांध, सत्तांध ही सगळी त्याच घरातली. तृतीया तत्पुरुष. या हिशेबाने ‘वर्णांध’ निर्माता म्हणजे गोऱ्यांखेरीज कुणाला दारात उभं न करणारा.

पूर्णविराम:
मग जन्मांध? आणि डॉक्टर मंडळी ‘रंगांधत्व’ सर्रास लिहितात, त्याचं काय?

अनुस्वार:
जन्मांध म्हणजे जन्मापासून अंध, तिथे पंचमी. रंगांधत्वाचा मुद्दा बिनतोड आहे, तो शब्द रुळलाय. पण ‘रंगांध पात्रनिवड’ वाचलं की मला तरी कपडेपटवाल्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नसावा असंच वाटेल. शिवाय ‘वर्ण’ म्हटलं की आपल्याला आधी चातुर्वर्ण्य आठवतं, कातडीचा रंग नंतर. धर्मनिरपेक्षच्या चालीवर ‘वंशनिरपेक्ष’ लिहा.

वेलांटी:
वंशनिरपेक्ष आवडलं. तेच घालते.

काना:
जरा थांबा. शब्द चांगला आहे, पण या मालिकेला लागू पडतो का? ओहनेच सांगितलेला किस्सा आहे: संहिता भराभर चाळूनही यातली आपली भूमिका कुठली, हे तिला उमगेना. ‘अगं, ईव्हच,’ हे एजंटला सांगावं लागलं. नायिकेसाठी आपल्याला विचारतील हे तिच्या मनातच आलं नव्हतं. तिथवर वंशनिरपेक्ष ठीक. पण २०२० चं तिसरं पर्व बघा. गोळी लागून वाचलेली ईव्ह न्यू मॉल्डनमध्ये, म्हणजे लंडनच्या कोरियन वस्तीत, एका कोरियन रेस्टॉरंटच्या भटारखान्यात डम्पलिंग वळत बसलेली दिसते. संवादातून कुणी काही समजावत नाही. तरी जगापासून तोंड लपवायला ती इथेच का आली, ते त्या पिठाच्या हातांवरून कळतं. इथे वंशाकडे कानाडोळा केलेला नाही, मुद्दाम पाहिलंय.

वेलांटी:
मग ‘वंशसजग’?

काना:
चालेल. मला ‘वंशाचं भान ठेवून’ जास्त आवडेल. लांब आहे, पण घडवलेला वाटत नाही.

पूर्णविराम:
आता माझी जुनी तक्रार. शीर्षकात ‘आशियाई प्रतिनिधित्व’ आहे ना? असणारच. प्रतिनिधी म्हणजे ज्याला कुणीतरी आपल्या वतीने पाठवलंय. ओहला कुणी पाठवलं? पडद्यावर असणं म्हणजे वावर. कसं दाखवलं, ते चित्रण. जिथे गोष्ट ठरते त्या खोलीत खुर्ची मिळणं, हे प्रतिनिधित्व. २०२० मध्येच या मालिकेच्या लेखकांच्या ऑनलाइन बैठकीचं चित्र बाहेर आलं. सगळ्या चौकटींत गोरे चेहरे. टीका व्हायची ती झालीच. म्हणजे वावर होता, चित्रणही बरं होतं, प्रतिनिधित्वाच्या नावाने शून्य. इंग्रजीत तिन्हींना ‘रिप्रेझेंटेशन’ हा एकच शब्द, त्यामुळे पहिल्यावर तिसरं खपून जातं. आपल्याकडे तीन शब्द असताना आपण का खपवून घ्यायचं?

अनुस्वार:
पण २०१८ मध्ये एमी या अमेरिकन टीव्ही पुरस्कारांच्या नाट्यमालिका विभागात मुख्य अभिनेत्रीचं नामांकन मिळालेली ती पहिली आशियाई वंशाची. तेव्हा कित्येकांना ती आपली प्रतिनिधी वाटलीच की. पाठवलं नसलं म्हणून काय झालं?

पूर्णविराम:
वाटली, कबूल. ती त्यांची भावना. लेखात ‘प्रतिनिधी वाटली’ लिहा, माझी हरकत नाही.

काना:
एक गंमत राहिली. रशियन मारेकरीण विलानेल झालीय लिव्हरपूलची जोडी कोमर, आणि तिला कामं देणारा रशियन कॉन्स्टंटिन म्हणजे डॅनिश किम बोड्निया. याला ‘वैविध्य’ म्हणताना कुणी ऐकलंय? तो शब्द एकट्या ईव्हच्या वाट्याला.

वेलांटी:
पारिभाषिक शब्दच काढून टाकला. आता वाक्य असं: ‘ईव्हची भूमिका देताना वंशाची अट घातली नाही, पण पुढे गोष्ट लिहिताना वंशाचा विसर पडू दिला नाही.’ शीर्षकात ‘प्रतिनिधित्व’च्या जागी ‘वावर’. लेख पुन्हा पाठवला होता, आत्ताच परत आला. या खेपेला लाल गोल ‘पर्व’वर आहे. ‘सीझन करा, वाचकांना महाभारत वाटेल.’