ग्रीसचा उन्हाळा : किनारे, किल्ले आणि जुने दगड (अनुभव धागा)

हर्णैकर

उन्हाळ्यात समुद्राकाठी जायचं म्हणजे आपल्याकडे मे महिना. जूनमध्ये पाऊस लागला की होड्या वर ओढायच्या आणि दर्याकडे लांबूनच बघायचं. ग्रीसमध्ये जून ते सप्टेंबर आकाश कोरडं असतं आणि ऑगस्टपर्यंत पाणी इतकं तापतं की सूर्य बुडाल्यावरही बाहेर यावंसं वाटत नाही. युरोपातल्या मराठी घरांत मुलांच्या शाळेची मोठी सुट्टी नेमकी याच दिवसांत येते. आखातातून आणि मुंबई-पुण्याहूनही आता बरीच मंडळी जातात.

लिहिणारे बहुतेक सांतोरिनीच्या निळ्या घुमटांपाशी थांबतात. मला तो देश आवडतो तो वेगळ्या कारणासाठी. तिथं पोहायची जागा आणि इतिहासाची जागा एकच असते. सुवर्णदुर्ग समोर ठेवून पोहायला शिकलेल्या माणसाला यातलं सुख समजावून सांगावं लागत नाही. म्हणून विचारतो, एकाच दिवसात समुद्र आणि इतिहास दोन्ही कुठं मिळाले? ऊन कसं निभावलं? खाण्याचं काय केलंत? सविस्तर लिहा.

सुरुवात मी करतो. नाफ्प्लिओ. अथेन्सहून बसनं दोन-अडीच तासांवरचं, दक्षिणेकडच्या पेलोपोनीज द्वीपकल्पातलं गाव. १८२९ ते १८३४ या काळात स्वतंत्र ग्रीसची राजधानी इथं होती. देशाचे पहिले राज्यप्रमुख कापोडिस्ट्रियास यांची १८३१ मध्ये इथल्याच सेंट स्पिरिडॉन चर्चच्या दारात हत्या झाली. गोळीची खूण अजून भिंतीवर जपलेली आहे. समोर खाडीत बूर्ट्झी हा जलदुर्ग, डोक्यावर व्हेनिसवाल्यांनी बांधलेला पालामिडी. गावातून त्याला ९९९ पायऱ्या असल्याचं स्थानिक लोक सांगतात. सकाळी दार उघडतं त्याच वेळी चढायचं. खाली आलं की कड्याच्या पोटातच आर्वानितियाचा किनारा आहे. वाळू नाही, गोटे आणि सिमेंटचे ओटे. पण पाणी असं की तळाचा प्रत्येक गोटा दिसतो. तिथून कड्याच्या पायथ्यानं एक पायवाट काराथोनाच्या वाळूपर्यंत जाते.

संध्याकाळी एपिडॉरस. इ. स. पू. चौथ्या शतकातलं दगडी नाट्यगृह, उन्हाळ्यात शुक्रवार-शनिवारी तिथं प्राचीन नाटकं होतात. दुपारभर पोहून थकलेल्या अंगानं त्या पायऱ्यांवर बसून ग्रीक शोकांतिका ऐकणं हा माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा नाट्यानुभव आहे. भाषा कळत नाही, तरी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ येतो. मराठी नाटकवेड्या माणसानं एकदा तरी जावंच.

म्युनिकवासी

र्‍होड्स. दोन मुलं, नऊ आणि बारा वर्षांची. आम्ही नियम केला होता, दहाच्या आत दगड, मग पाणी, आणि जुनं गाव सूर्य कलल्यावर. लिंडोसला त्याचं सार्थक झालं. टेकडीवर अथेनाचं देऊळ, भोवती सेंट जॉनच्या शूरवीरांची, म्हणजे मध्ययुगातल्या ख्रिस्ती लढवय्यांच्या संघाची, तटबंदी, आणि खाली कड्यांनी जवळजवळ बंद केलेली सेंट पॉलची खाडी. मुलगी पाण्यात पाठीवर तरंगत वरचे खांब मोजत होती.

या शूरवीरांनी १५२२ पर्यंत दोन शतकांहून जास्त काळ हे बेट सांभाळलं. त्यांची दगडी गल्ली रात्री चाला, दिवसा तिथं भट्टी असते.

एक गंभीर गोष्ट. २०२३ च्या जुलैमधल्या वणव्यात आम्ही बेटाच्या दक्षिण भागात होतो. सुमारे १९ हजार माणसं त्या वेळी हलवली गेली, त्यांत आम्हीही. फोनवर ११२ या आपत्कालीन सेवेकडून इशारा आला आणि जे हातात होतं ते घेऊन निघालो. शाळेच्या सभागृहात रात्र काढली. ज्यांची स्वतःची ऑलिव्हची झाडं जळत होती, त्या गावातल्या बायका आमच्या मुलांना पाणी, पाव आणि कलिंगड आणून देत होत्या. आम्ही पुन्हा त्याच गावात गेलो आणि यापुढेही जाणार. तुम्ही जुलै-ऑगस्टमध्ये जाल तर पासपोर्ट आणि औषधं एकाच पिशवीत ठेवा, आणि फोनवरचे सरकारी इशारे बंद करू नका.

शमी

फक्त खाण्याबद्दल लिहिते, कारण शाकाहारी लोक उगाच घाबरतात. ऑर्थोडॉक्स पंथात उपासाचे दिवस भरपूर, त्यामुळे मांस, दूध, अंडी नसलेले पदार्थ प्रत्येक तावेर्नात, म्हणजे खानावळीत, असतात. गिगांतेस म्हणजे टोमॅटोच्या रश्श्यात भाजलेले मोठे पांढरे पावटे. गेमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या. ब्रिआम म्हणजे भाजलेल्या मिश्र भाज्या, फसोलाकिया म्हणजे टोमॅटोतल्या हिरव्या शेंगा, आणि खोर्ता, म्हणजे उकडलेली रानभाजी, वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू. सांतोरिनीचा फावा, म्हणजे पिवळ्या डाळीचा घोटलेला लगदा, तर पहिल्या घासाला घट्ट गोडं वरणच वाटतो. वर कच्चा कांदा.

मासे खाणाऱ्यांसाठी नवऱ्याचा निरोप. तळलेला गावरोस हा छोटा मासा मागवा, डोक्यासकट खायचा. मोठा मासा वजनावर असतो, त्यामुळे आधी वजन करून दाखवा म्हणावं, ते आनंदानं दाखवतात. गोठवलेला माल असेल तर मेनूकार्डावर तशी खूण असते.

विदर्भातली डॉक्टर

क्रीटच्या पूर्वेकडे एलुंदा नावाचं गाव आहे. तिथून आणि पलीकडच्या प्लाकाहून स्पिनालोंगा बेटावर होड्या जातात. व्हेनिसवाल्यांनी १५७९ मध्ये तिथं किल्ला बांधायला घेतला. पण मी गेले ते दुसऱ्या कारणासाठी. १९०३ ते १९५७ या काळात कुष्ठरुग्णांना त्या बेटावर नेऊन ठेवत. विद्यार्थिदशेत मी आनंदवनात राहिले आहे, तिथल्या माणसांनी उभी केलेली घरं आणि शेतं पाहिली आहेत. त्यामुळे स्पिनालोंगाच्या बोगद्यासारख्या दारातून आत शिरताना माझे पाय जड झाले होते.

आत गेल्यावर दिसतं ते मात्र एक गाव. दुकानांची रांग, चर्च, कपडे धुवायची जागा. १९३० च्या दशकात रेमुंदाकिस नावाचा कायद्याचा विद्यार्थी रुग्ण म्हणून इथं आला. त्यानं रुग्णांची संघटना बांधली. हक्क मागितले, रस्ता साफ केला, घरांना चुना लावला. इथं लग्नं झाली, मुलं जन्मली. मग औषध आलं आणि बेट रिकामं झालं. प्लाकाच्या गोट्यांच्या किनाऱ्यावरून समोरचं बेट इतकं जवळ आहे की चांगला पोहणारा सहज पोचेल. तेवढंच अंतर त्या माणसांना आयुष्यभर ओलांडता आलं नाही. मी त्या दुपारी प्लाकाला पोहले आणि पूर्ण वेळ तोंड बेटाकडेच ठेवलं.

उन्हाची सूचना : बेटावर सावली जवळजवळ नाही. पहिली होडी पकडा, टोपी आणि पाणी सोबत ठेवा.

दर्यावर्दी

वाऱ्याबद्दल कुणी लिहिलं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी वाहतो. आकाश निरभ्र, ऊन रणरणतं आणि वारा असा की छत्री उडून जाते. आपल्याला वादळ म्हणजे ढग एवढंच ठाऊक असतं, तिथं निळ्या आकाशाखाली बोटी बंद होतात. वारा ठरावीक जोराच्या वर गेला की बंदरातून फेरी सुटू देत नाहीत. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी तरी मुख्य भूमीवर असा. किनारा निवडण्याचं साधं सूत्र म्हणजे उत्तरेला लाटा असतील तर बेटाच्या दक्षिणेला जायचं, बहुतेक वेळा तिथं पाणी शांत असतं.

मीलोसला मला हे फार उपयोगी पडलं. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातली व्हीनसची मूर्ती १८२० मध्ये याच बेटावरच्या शेतात सापडली. साराकिनिकोचा पांढरा ज्वालामुखी खडक उत्तरेला आहे. वारा असेल तेव्हा तो नुसता बघायचा आणि पोहायला दक्षिणेकडे उतरायचं.

अजून एक. भरती-ओहोटी तिथं जवळजवळ नसतेच. पाणी दिवसभर एकाच रेघेवर. कोकणातल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो, पण लहान मुलांना घेऊन बसायला फार सोयीचं आहे.

म्युनिकवासी

दर्यावर्दी, अनुमोदन. छत्री-खुर्च्यांचं भाडं काही ठिकाणी डोळे पांढरे करणारं असतं, पण किनारा कायद्यानं सर्वांचा आहे. आपला पंचा अंथरून बसता येतं. २०२३ मध्ये पारोस बेटावरच्या रहिवाशांनी याच हक्कासाठी टॉवेल हातात घेऊन आंदोलन केलं आणि ते बाकी बेटांवरही पसरलं.

कासवमित्र

वेळासला कासव महोत्सवाला दरवर्षी जातो, म्हणून झाकिन्थोस बेटावर गेलो. लागानासची खाडी हे भूमध्य समुद्रातलं कॅरेटा जातीच्या कासवांचं फार महत्त्वाचं विणीचं ठिकाण. १९९९ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. आपल्याकडे थंडीत आणि वसंतात घरटी, तिथं ऐन उन्हाळ्यात, म्हणजे पर्यटक आणि कासवं एकाच वाळूवर. तिथल्या गेराकासच्या किनाऱ्यावर सूर्य मावळला की माणसांनी निघायचं. छत्र्या पाण्यालगतच्या पट्ट्यातच रोवायच्या, कारण मागच्या कोरड्या वाळूत अंडी असतात. घरट्यांवर जाळीचे पिंजरे. स्वयंसेवक उन्हात उभे राहून प्रत्येक नव्या माणसाला तेच समजावतात, न कंटाळता. कासव दाखवायला नेणाऱ्या होड्यांत बसलो नाही. एका कासवाभोवती होड्या गोळा होताना पाहिल्या आणि वाईट वाटलं. कृपया पाण्याबाहेरूनच बघा.

नीलांबरी

आईला घेऊन टिनोस बेटावर गेले होते, १५ ऑगस्टला. मेरीच्या सणाचा हा ग्रीसमधला सर्वांत मोठा दिवस. १८२३ मध्ये सापडलेल्या प्रतिमेसाठी देशभरातून लोक येतात. बंदरापासून टेकडीवरच्या चर्चपर्यंत चढाचा रस्ता, आणि नवस बोललेली माणसं तो गुडघ्यांवर चढतात. रस्त्याच्या कडेला त्यांच्यासाठी गालिचा अंथरलेला असतो. आईनं अनेक वर्षं आळंदीहून वारी केली आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग एका म्हाताऱ्या बाईला उठायला हात दिला आणि दोघी एकमेकींच्या भाषेत बोलत राहिल्या. १९४० च्या याच दिवशी बंदरात उभी असलेली एली ही ग्रीक युद्धनौका इटालियन पाणबुडीनं बुडवली. तिचं स्मरणही त्या दिवशी होतं.

दुसऱ्या दिवशी कोलिंबिथ्राच्या किनाऱ्यावर गेलो. आईनं साडीतच समुद्रस्नान केलं. त्या आठवड्यात खोली आणि बोट मिळणं फार कठीण, काही महिने आधी आरक्षण हवं.

निवृत्त फौजी

अथेन्सहून ट्राम किनाऱ्याकाठानं व्हूलापर्यंत जाते. वाटेत आलिमोसला, समुद्राच्या रस्त्यावरच, फालेरॉनचं युद्धस्मशान आहे. तिथं दहन झालेल्या भारतीय सैनिकांचं वेगळं स्मारक आहे. १९४४ च्या शेवटी चौथी भारतीय डिव्हिजन ग्रीसमध्ये आली होती. पोहायला जाताना थोडा वेळ तिथं थांबा. आपली माणसं आहेत.

प्राजक्ता

सगळं वाचतेय, सुंदर लिहिताय सगळे. हर्णैकर काका, एक विचारू? सासूबाई सत्तरीच्या, गुडघे दुखतात. त्यांना पोहता येत नाही, पण समुद्रात बसायला फार आवडतं. सुट्टी जुलैच्या शेवटीच मिळतेय. नाफ्प्लिओ चालेल का?

हर्णैकर

चालेल, पण पालामिडीला वरपर्यंत गाडीरस्ता आहे, टॅक्सीनं न्या. जुन्या गावाचा खालचा भाग सपाट आहे, चौकात फरसबंदी आहे आणि बाकं भरपूर. सासूबाईंसाठी आर्वानितिया नको, गोट्यांवर पाय ठरत नाही. काराथोनाला न्या. वाळू आहे, पाणी बऱ्याच अंतरापर्यंत गुडघाभरच, मागे झाडांची सावली. सकाळी नऊच्या आत किंवा पाचनंतर. एपिडॉरसच्या पायऱ्या उंच आहेत, खालच्या रांगेचं तिकीट काढा आणि बसायला उशी न्या. राहायची खोली तळमजल्यावर मागा, जुन्या गावातल्या घरांना लिफ्ट क्वचितच असते.