मदत हवी आहे: वॉर्डातल्या मैदानावर तणनाशक फवारलंय, मुलांना खेळू द्यायचं का?

मैदान_समिती

नमस्कार. साधारण २ एकरांचं सार्वजनिक मैदान आहे. अर्ध्या भागात हरळी बरी आहे, उरलेल्यात लव्हाळा, टाकळा आणि कडेने गाजरगवत. शनिवारी सकाळी ठेकेदाराच्या माणसांनी पाठीवरच्या पंपाने तणनाशक मारलं. पाटी नाही, दोरी नाही. त्याच संध्याकाळी फुटबॉलचा वर्ग भरला. चार-पाच मुलांचे डोळे चुरचुरले, दोघांच्या मांड्यांवर लाल चट्टे आले. तेव्हापासून वॉर्डाच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. पालकांचं म्हणणं, फवारणी कायमची बंद करा. क्रिकेटवाले म्हणतात, दिवाळीच्या स्पर्धेआधी मैदान साफ झालंच पाहिजे, आणि हे औषध सगळीकडेच मारतात.

ठेकेदाराला विचारलं तर "साधं गवताचं औषध" एवढंच उत्तर मिळतं. रविवारी बैठक आहे. त्याआधी कळायला हवं ते असं: नेमकं काय मारलंय ते कसं ओळखायचं, मैदान किती दिवस बंद ठेवायचं, आणि औषधाशिवाय तण आटोक्यात येतं का?

बांधावरचा

"साधं गवताचं औषध" नावाचा प्रकार नसतो. डबा मागा. डबा फेकला म्हणाला तर खरेदीचं बिल मागा, त्यावर औषधाचं नाव आणि बॅच नंबर असतो. डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण दिसेल: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, चारांत कमी विषारी इतकंच.

तोवर गवत बघून बराच अंदाज येतो:

एका-दोन दिवसांत पानं भाजल्यासारखी तपकिरी झाली, जिथे थेंब पडला तिथेच डाग, तर पॅराक्वाट या अतिविषारी तणनाशकाची शंका घ्या.
आठवडाभर काही दिसलं नाही, मग हरळीसकट सगळंच हळूहळू पिवळं पडत गेलं, तर ग्लायफोसेट.
हरळी हिरवीगार, पण टाकळा, गाजरगवत यांचे शेंडे पिळवटले, देठ वाकडे झाले, तर २,४-डी.

शनिवारी मारलंय म्हणता. आज मैदान कसं दिसतंय?

मैदान_समिती

आज बुधवार. हरळी आणि तण दोन्ही जसंच्या तसं हिरवं. कुठेकुठे किंचित फिकट वाटतंय, पण तो मनाचा खेळही असेल.

बांधावरचा

मग पॅराक्वाट बहुधा नाही, आणि ही चांगली बातमी आहे. त्याच्यावर उतारा नाही, आणि खरचटलेल्या कातडीतूनही ते आत जाऊ शकतं. खेळाच्या मैदानावर ते कुठल्याही परिस्थितीत नको, ही एक अट बैठकीत दोन्ही तटांकडून मान्य करून घ्या.

ग्लायफोसेट असेल तर आरोग्याचा वाद बाजूला ठेवून आधी एक साधा प्रश्न विचारा: हरळीच्या मैदानावर ते मारलंच का? ते निवडक नाही. तणाबरोबर हरळीही मारतं, पण मातीत पडलेल्या बियांना काही करत नाही. म्हणजे दिवाळीला उघडी माती आणि धूळ, पुढच्या पावसात पुन्हा गाजरगवत, तेही जास्त, कारण जागा अडवणारी हरळीच उरलेली नाही. क्रिकेटवाल्यांना हे समजावलंत तर अर्धं भांडण तिथेच मिटेल.

आकडेमोड

मात्रेचं बोलू, कारण घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो. ग्लायफोसेट ४१ टक्के एसएल (पाण्यात विरघळणारं द्रव औषध), बिगरपीक जागेसाठी हेक्टरी २ ते ३ लिटर, पाणी साधारण ४५० लिटर. २ एकर म्हणजे ०.८ हेक्टर. औषध १.६ ते २.४ लिटर, पाणी ३६० लिटर, १५ लिटरचे २४ पंप. एका पंपाला ६५ ते १०० मिलि.

आता ठेकेदाराला दोनच आकडे विचारा: किती पंप मारले आणि पंपाला किती झाकणं टाकली? दहा पंपांत २ एकर उरकलं असेल आणि पंपाला २५० मिलि टाकलं असेल, तर एकूण औषध जवळपास तेवढंच भरतं, पण द्रावण अडीचपट कडक, आणि पट्टे सुटलेले. द्रावण जास्त कडक केलं की काम चांगलंच होतं असं नाही. पान लवकर करपलं तर औषध मुळापर्यंत कमी उतरू शकतं. गढूळ पाणी वापरलं तर उलटा प्रकार: ग्लायफोसेट मातीच्या कणांना चिकटून बसतं, तण तसंच राहतं, आणि माणसं "औषध डुप्लिकेट निघालं" म्हणून दुसरा हात मारतात.

सावध_पालक

मात्रेचा हिशेब ठीक आहे, पण मूळ मुद्दा टाळू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली ग्लायफोसेटला २ए गटात टाकलं, म्हणजे माणसात बहुधा कर्करोग घडवणारं. त्याच वर्षी २,४-डी २बी गटात गेलं, म्हणजे कर्करोग घडवण्याची नुसती शक्यता असलेलं. केंद्र सरकारनेही २१ ऑक्टोबर २०२२ च्या आदेशात ग्लायफोसेट फक्त कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच वापरावं असं म्हटलं. मग मुलांच्या मैदानावर हवंच कशाला?

बांधावरचा

आकडे बरोबर, पण अर्थ जपून लावा. ते गट "कर्करोग घडवू शकतं याचा पुरावा किती भक्कम" हे सांगतात, "एवढ्या संपर्काने एवढा धोका" हे सांगत नाहीत. त्याच २ए गटात लाल मांस आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने आणि अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ग्लायफोसेटबद्दल वेगळा निष्कर्ष काढला, आणि युरोपात त्याला २०३३ पर्यंत परवानगी आहे. बैठकीत एका बाजूने एक कागद फडकवला की दुसरी बाजू दुसरा काढणार, आणि दोन तास त्यातच जाणार.

२०२२ च्या आदेशाला उद्योगाने न्यायालयात आव्हान दिलं होतं. म्हणून जुनं कात्रण नेऊ नका, आज लागू काय आहे ते तालुका कृषी अधिकाऱ्याकडून लेखी घ्या. ठेकेदाराकडे मात्र एक कागद मागाच: कीटकनाशक नियम, १९७१ मधल्या नियम १०(३ए) खालचा कीड नियंत्रणाचा परवाना. मैदान पालिकेचं असेल आणि कोणी दाद देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. त्यात औषधाचं नाव, बॅच, प्रमाण, तारीख, फवारणाऱ्याचा परवाना एवढंच मागा. "मैदानाच्या सुरक्षिततेबाबत काय केलं" असं मोघम विचाराल तर मोघमच उत्तर येईल.

सावध_पालक यांच्याशी शेवटी सहमत आहे, पण कारण वेगळं. खेळायच्या हरळीवर ग्लायफोसेट हे मुळात चुकीचं हत्यार आहे.

रेषेवरची

सगळे तणनाशकाच्या मागे लागलात, पण डोळे चुरचुरणं आणि मांडीवर लाल चट्टे त्याच संध्याकाळी, हे मला वेगळंच वाटतंय. कोणत्या मुलांना झालं? गोलकीपर होते का, रेषेजवळ घसरणारे होते का? मैदानावर रेषा आखायला फक्की (पांढरी भुकटी) कसली मारता?

मैदान_समिती

विचारून आलो. दोन गोलकीपर, बाकीचे कडेने खेळणारे. फक्की बांधकाम साहित्याच्या दुकानातून गोणीने येते.

रेषेवरची

म्हणजे विरलेला चुना, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. ओला झाला की त्याचा सामू (पीएच) १२ च्या वर जातो. घाम, दव किंवा डोळ्यातलं पाणी लागलं की कातडी भाजते, आणि डोळ्यात गेला तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. चट्टे रेषेवर घसरलेल्यांनाच आलेत, हे जुळतं. सगळं खापर तणनाशकावर फुटलं तर खरा दोषी पुढच्या शनिवारी पुन्हा मैदानावर पसरेल.

पडताळणी घरीच होते. अर्धा ग्लास पाण्यात चमचाभर फक्की ढवळा, दहा मिनिटं बसू द्या, वरचं निवळ पाणी दुसऱ्या भांड्यात घ्या, त्यात चिमूटभर हळद. झटकन गडद लाल झालं, कुंकवासारखं, तर चुना. पिवळंच राहिलं किंवा जेमतेम नारिंगी झालं तर खडूची भुकटी, कॅल्शियम कार्बोनेट. सामूच्या पट्ट्या मिळाल्या तर आणखी बरं: चुना १२ च्या पुढे, खडू ८ ते ९च्या आसपास. व्हिनेगर टाकून फेस येतो का बघा असं कोणी सांगेल, पण जुन्या गोणीतला चुना हवेने अर्धामुर्धा कार्बोनेट झालेला असतो आणि तोही फेसाळतो. त्यावर विसंबू नका. हात लावताना हातमोजे आणि चष्मा घाला.

बदल सोपा आहे. दुकानात "चुना पावडर" न मागता "कॅल्साइट पावडर" मागा, गोणीवर कॅल्शियम कार्बोनेट लिहिलंय ना ते बघा, आणि गोणी घरी आली की हळदीची चाचणी करा, कारण दुकानदार दोन्हीला फक्कीच म्हणतो. ओली रेष हवी असेल तर १ किलो पावडर, सव्वा लिटर पाणी, पकड म्हणून पांढरं ॲक्रिलिक इमल्शन १०० मिलि. गाळून घ्या, नाहीतर मशीनचं तोंड तुंबतं.

सध्याच्या रेषांवर नुसतं पाणी मारू नका, चिखल होऊन तोच अंगाला लागेल. आधी वरचा थर खराट्याने आणि फावड्याने गोळा करा, मग भरपूर पाणी. डोळ्यात गेला तर स्वच्छ पाण्याने सलग १५ ते २० मिनिटं धुवा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. लिंबू, व्हिनेगर असलं काही नको. अंगावर कोरडा असेल तर आधी झटका, मग धुवा.

बांधावरचा

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. अगदी बरोबर.

मैदान_समिती

हळद टाकताक्षणी पाणी लालभडक झालं. फक्की आजच थांबवली. ठेकेदाराने डबाही आणून दाखवला: ग्लायफोसेट ४१ टक्के. पंप १२ आणि पंपाला "दोन ग्लास", ग्लास केवढा ते सांगता येत नाही. आता मैदान उघडायचं कधी?

आकडेमोड

१२ पंप म्हणजे १८० लिटर, हवं त्याच्या निम्मं. ग्लास २०० मिलिचा धरला तर पंपाला ४००, एकूण ४.८ लिटर. कमाल मात्रेच्या दुप्पट औषध गेलंय.

बांधावरचा

फवारणी होऊन पाच दिवस झालेत, पानावरचं कधीच वाळलंय. पण ग्रुपवर "वाळलं की झालं" असं फिरतंय ते चालण्याफिरण्यापुरतं ठीक आहे, घसरून पडण्याच्या खेळाला नाही. माझं मत: एकदा चांगलं पाणी द्या, शेंडे कापून कापलेलं गवत पोत्यात भरून बाहेर न्या (खतात नको, गुरांना तर अजिबात नको), मग उघडा. पुढे कधी फवारणी झालीच तर किमान ४८ तास दोरी, आणि पाटीवर औषध, तारीख, उघडण्याची वेळ.

तणाचं सांगतो. गाजरगवत फुलण्याआधी मुळासकट उपटा, ओल असताना, हातमोजे घालून, कारण त्याची ॲलर्जी वाईट असते. टाकळा शेंगा धरण्याआधी कापला तरी पुरतो. लव्हाळा मात्र उपटून जात नाही: वरचं पातं हातात येतं, खालच्या गाठी मातीत राहतात आणि प्रत्येक गाठ नवा कोंब काढते. तो साचणाऱ्या, दाबल्या गेलेल्या ओल्या मातीत फोफावतो, म्हणून तिथे आधी पाण्याचा निचरा करा. दाताळ्याने ७ ते १० सेंमी खोल भोकं, वर पातळ वाळूचा थर. दर दोन-तीन आठवड्यांनी पातं कापत राहिलं की गाठीतला साठा संपत जातो. याला एक-दोन हंगाम लागतात, दिवाळीपर्यंत होणार नाही, हे क्रिकेटवाल्यांना आत्ताच सांगा.

हरळी मेलेल्या जागी ठोंब १० ते १५ सेंमीवर लावा. रुजल्यावर १०० चौरस मीटरला अर्धा ते एक किलो युरिया, पानं कोरडी असताना, आणि लगेच पाणी. गवत साधारण एक इंचावर ठेवून वारंवार कापलं की हरळी आडवी पसरते आणि उंच वाढणारं तण दमतं.

सावध_पालक

मीठ किंवा व्हिनेगर मारलं तर? नैसर्गिक आहे ना.

बांधावरचा

मिठाने माती खराब होते, तिथे हरळीही येणार नाही. स्वयंपाकातलं ५ टक्क्यांचं व्हिनेगर फक्त पानं जाळतं, लव्हाळा आठवड्यात परत वर. २० टक्क्यांचं आम्ल मिळतं ते डोळ्यांना घातक. कडेच्या फरशीतल्या फटींना उकळतं पाणी चालेल. आणि धूळ किंवा डास यांवर कोणी जळकं ऑइल ओतायचं सुचवेल, त्याला जागीच थांबवा. वापरलेलं तेल हा २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे.

मैदान_समिती

शेवटचं एक. ठेकेदार म्हणतो ग्लायफोसेट बंद तर २,४-डी मारतो, त्याने हरळी मरत नाही.

आकडेमोड

हरळी वाचते हे खरं, पण लव्हाळ्याचा बंदोबस्त त्याने होत नाही. वाफ किंवा तुषार उडाले तर शेजारच्या टोमॅटोची, द्राक्षवेलीची पानं वाकडी होतात, २,४-डीच्या एस्टर प्रकारात जास्तच, कारण त्याची वाफ जास्त होते. मैदानाला लागून परसबागा असतील तर नको. तरीही समितीने ठरवलंच तर फक्त अमाइन सॉल्ट (२,४-डीचा कमी वाफ होणारा प्रकार), फक्त टाकळ्याच्या पट्ट्यावर, हूड लावलेलं फ्लॅट फॅन (सपाट पंख्यासारखा फवारा देणारं) नोझल, वारा नसताना सकाळी. ज्या पंपाने ते मारलं तो पंप बागेच्या औषधाला पुन्हा वापरायचा नाही. वापरावाच लागला तर तीनदा विसळून, धुण्याच्या सोड्याचं पाणी रात्रभर नळी आणि नोझलसकट भरून ठेवायचं, सकाळी पुन्हा विसळायचं. विसळलेलं पाणी गटारात नको, फवारलेल्या पट्ट्यावरच.

रेषेवरची

पाटीवर एक नंबरही लिहा: एम्सचं राष्ट्रीय विष माहिती केंद्र, १८०० ११६ ११७, चोवीस तास. फोन करताना डबा हातात हवा, म्हणून काम संपेपर्यंत डबा आणि त्यातलं माहितीपत्रक रखवालदाराकडे कुलपात ठेवायला सांगा.