कॅन्सर संशोधनात इंजिनिअरांवर भर द्यावा का?

अश्विनी_ठाणे: एप्रिल २०२४मध्ये पवईच्या आयआयटीत राष्ट्रपतींच्या हस्ते 'नेक्सकार१९' ही रक्ताच्या कॅन्सरवरची देशी कार-टी उपचारपद्धती सुरू झाली. डॉ. राहुल पुरवार यांची तिथली प्रयोगशाळा आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी मिळून ती उभी केली. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढायच्या, त्यांना कॅन्सरच्या पेशी ओळखता याव्यात म्हणून विषाणूच्या मदतीने त्यांत नवा जनुक घालायचा, त्या वाढवून परत शरीरात सोडायच्या. परदेशात तीन-चार कोटी लागतात, इथे तीस-चाळीस लाख. माझं ठाम मत आहे, डॉक्टर आणि इंजिनिअर एकाच आवारात बसले पाहिजेत.

दत्ता_बार्शी: ताई, चाळीस लाख कुणाकडे आहेत? माझी आई मिश्री लावायची. गालाच्या आत पांढरा चट्टा आला, आम्ही दोन वर्षं 'तोंड आलंय' म्हणून हळद लावत बसलो. तिला तोंड उघडून बघणारं माणूस हवं होतं. टाटाच्याच डॉ. सुरेंद्र शास्त्रींनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून तयार केलं, त्यांनी व्हिनेगर लावून गर्भाशयमुख तपासलं. त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पैसा तिकडे घाला.

निवृत्त_तंत्रज्ञ: मी रेडिएशनच्या मशीनवर उभं आयुष्य काढलं. मशीनमध्ये किरणं सोडणारा कोबाल्ट असतो, त्याचा जोर सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. तेवढाच डोस द्यायला मग दुप्पट वेळ लागतो, आणि बाहेर बाकड्यावर रांग वाढत जाते. आमचं परदेशी मशीन एकदा एका पार्टसाठी तीन महिने बंद होतं. रात्रीच्या एसटीने आलेल्या माणसांना मी दारातून परत पाठवलंय. म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राच्या इंजिनिअरांनी बनवलेलं 'भाभाट्रॉन' हे देशी कोबाल्ट मशीन २००५ साली खारघरला बसलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. वीज गेली तरी ते बॅटरीवर चालतं. दत्ताभाऊ, चट्टा वेळेत सापडला तरी पुढे मशीन लागतंच हो.

दत्ता_बार्शी: काका, मशीनला माझा विरोध नाही. पण आमच्याकडची माणसं तिथवर पोचतात ती तिसऱ्या-चौथ्या स्टेजला.

अश्विनी_ठाणे: दत्ताभाऊ, आईचं वाचून वाईट वाटलं. तोंडाच्या कॅन्सरबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. पण विशीतल्या पोराला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर होतो, केमो देऊनही उलटतो, तिथे कुठली तपासणी आधी करणार होतो? त्याच्यासाठी कार-टी आहे. आणि ती कोटींवरून लाखांवर आली ती याच मंडळींमुळे.

दत्ता_बार्शी: पोराचं पटलं. पण लाखांवरून हजारांवर येईपर्यंत आमच्या उपकेंद्रात निदान टॉर्च घेऊन तोंड बघणारी एक बाई द्या. तिचा पगार काढायला किती लागतात?