शारदा सदनाचं उघडं दार: रमाबाईंची निष्ठा की वचनभंग?

मृद्गंध

गेल्या आठवड्यात एका लग्नात जेवायला बसलो असताना पंडिता रमाबाईंचा विषय निघाला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाई विद्वान होती, पण पुण्याचा विश्वासघात केला तिनं." मी ख्रिस्ती आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिथं मी गप्प राहिले, पण ते वाक्य मनातून जाईना.

आधी थोडक्यात, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ला इंग्लंडमध्ये वाँटेजला, तिथल्या मठातल्या ख्रिस्ती सिस्टरांकडे राहत असताना, बाप्तिस्मा घेतला. इकडे गदारोळ झाला. अमेरिकेत फिरून, व्याख्यानं देऊन त्यांनी पैसा उभा केला आणि ११ मार्च १८८९ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. सदनात धर्म शिकवायचा नाही, असं ठरलेलं होतं. मुलींना आपापला आचार पाळायची मोकळीक होती. रमाबाई स्वतःच्या खोलीत लेकीबरोबर, मनोरमेबरोबर, प्रार्थना करत. दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'नं टीकेची झोड उठवली, १८९३मध्ये सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

माझं म्हणणं एवढंच की रमाबाईंनी दार लावून घेतलं नाही, हेच त्यांचं खरेपण. लपवून केलेली प्रार्थना त्यांना सोयीची झाली असती. सदनातल्या मुली गेल्या नसत्या.

आणि विरोध फक्त पुण्याचा नव्हता, हे आपण विसरतो. ज्यांनी त्यांना बाप्तिस्म्यापर्यंत आणलं त्या मठातल्या सिस्टरांशीही त्या वर्षानुवर्षं पत्रांतून भांडल्या. चर्चचं अमुक मत मला पवित्र शास्त्रात सापडत नाही, मग मी ते का मानू? क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत? भटांच्या जोखडातून मोठ्या कष्टानं सुटले, आता दुसऱ्यांचं जोखड मानेवर घेणार नाही, अशा आशयाचं त्यांनी स्पष्ट लिहिलं. त्या वेळी त्यांची अवस्था काय होती पाहा. १८७४मध्ये दुष्काळात आईवडील गेलेले, मग भाऊ, १८८२मध्ये नवरा. पदरात लहान लेक, परका देश आणि आधार त्या सिस्टरांचाच. ज्याच्या घरात राहतो त्याला 'नाही' म्हणणं मला तरी पुण्याच्या टीकेपेक्षा जड वाटतं.

पिंपळपान

असहमत. वाँटेजचा भाग मान्य, तिथं बाई ताठ उभ्या राहिल्या. पण पुण्याचं प्रकरण वेगळं आहे.

पालकांनी मुली सोपवल्या त्या एका शब्दावर. रानडे, भांडारकर हे कर्मठ नव्हते, दोघंही प्रार्थना समाजाचे. सनातन्यांचे बोल खाऊन त्यांनी रमाबाईंना आधार दिला होता. अशी माणसं सोडून जातात तेव्हा "विरोधक होते" म्हणून चालत नाही. आणि उघडं दार म्हणजे काय? सदनाची चालक, जिच्या हातात जेवणखाण, शिक्षण, माया, सगळं. बारा वर्षांची विधवा पोर तिच्या खोलीत जाऊन बसते, ती काय स्वतःच्या बुद्धीनं? घरानं टाकलेल्या मुलीला जी जवळ घेते तिचा देवही तिला आपला वाटणारच. पुढे काही मुलींनी बाप्तिस्मा घेतलाच की. निष्ठा स्वतःच्या जिवावर पाळावी, दुसऱ्याच्या लेकरांवर नाही.

घाटमाथा

पिंपळपान, 'पुण्याचा विश्वासघात' यातलं पुणं कुठलं ते पण सांगा. १८८५मध्ये ज्योतीराव फुल्यांनी रमाबाईंची बाजू उघड घेतली होती. तेही पुण्याचेच. आमच्या घरात रमाबाईंचं नाव लहानपणापासून आदरानं घेतलं गेलं, आणि आम्ही ख्रिस्ती नाही.

दुसरं, गोदूबाई. सदनात आलेली पहिली विधवा. चार वर्षं त्याच उघड्या दाराशेजारी राहिल्या. १८९३मध्ये अण्णासाहेब कर्व्यांशी लग्न केलं, हिंदूच राहिल्या. दार ओढून घेत होतं तर त्या कशा सुटल्या?

पिंपळपान

गोदूबाई सदनात आल्या तेव्हा विशी ओलांडलेल्या होत्या. मी बोलतोय लहान मुलींबद्दल. आणि कर्व्यांचं नाव काढलंतच म्हणून सांगतो: १८९६मध्ये त्यांना विधवांसाठी वेगळी संस्था काढावी लागली, कारण हिंदू पालकांचा सदनावरचा भरवसा उडाला होता. नुकसान शेवटी मुलींचंच झालं.

दीपस्तंभ

सलाम ताई. मी आपल्याच मंडळीतला, म्हणजे ख्रिस्तीच, पण माझी हरकत दुसऱ्या बाजूनं आहे. वाँटेजच्या भांडणाला तुम्ही निष्ठा म्हणता. त्रैक्यावर (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, यावर) शंका, प्रभूच्या कुमारीजन्मावर शंका, याला विश्वासात खंबीर राहणं कसं म्हणायचं? रमाबाईंनी स्वतःच सांगितलंय की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त नंतर सापडला. १८९१च्या सुमाराचा त्यांचा अनुभव वाचा. खंबीरपणा त्यानंतरचा. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली पुण्याजवळ केडगावला, त्यांच्या मुक्ती सदनात आणल्या, तो त्या विश्वासाच्या बळावर. शंकांचा गौरव केला तर आमची तरुण पोरं काय शिकतील?

मृद्गंध

दीपस्तंभ, सलाम. त्या शंका नसत्या तर पुढचा अनुभव त्यांचा स्वतःचा झाला असता का? सिस्टरांनी सांगितलं ते मुकाट मानलं असतं तर त्या पाठांतर केलेल्या ख्रिस्ती झाल्या असत्या, जशा लहानपणी पुराणं पाठ करून पुराणिक झाल्या होत्या. पुढे हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या आणि अख्ख्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, केडगावच्या बायकांनी ते छापलं. मूळ शब्द स्वतः तपासल्याशिवाय मानायचा नाही, ही तीच वाँटेजची रमाबाई. ५ एप्रिल १९२२ला गेल्या, त्याच्या थोडं आधी काम संपवलं होतं. लेक मनोरमा आदल्या वर्षीच गेली होती. तरुण पोरांना हे सांगायला मला काही भीती वाटत नाही.

पिंपळपान, तुमचा मुद्दा सोपा नाही. चालकाच्या हातातली सत्ता मी पहिल्या पोस्टमध्ये लक्षात घेतली नव्हती. ती होती.

पिंपळपान

धन्यवाद. मग सरळ विचारतो. तुमची मुलगी एखाद्या वसतिगृहात आहे, तिथल्या बाई रोज दार उघडं ठेवून आरती करतात आणि मुलगी जाऊन बसायला लागली. तुम्ही काय कराल?

मृद्गंध

माझ्याच बाबतीत झालंय हे. पाचवी ते दहावी मी वसतिगृहात होते. संध्याकाळी सगळ्या शुभंकरोती म्हणायच्या, मीही म्हणायचे, आवडायचं. एका सुट्टीत घरी ते पुटपुटताना आईनं ऐकलं आणि ती रडली. आमच्या चर्चच्या पाळकांनी वडिलांना सांगितलं, पोरीला काढून आणा. वडील भेटायला आले, फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, "तू हात जोडतेस तेव्हा मनात कोण असतं?" मी म्हटलं, "प्रभू." ते म्हणाले, "मग राहा." मंडळीत त्यांना बरीच वर्षं त्यावरून बोलणी खावी लागली.

पिंपळपान

तुमचं उत्तर वेगळं आलं असतं तर?

मृद्गंध

हाच प्रश्न मी त्यांना मोठेपणी विचारला. म्हणाले, "तरी ठेवलंच असतं. घरी आणून तुला चूल दिली असती, विश्वास नसता देता आला."

घाटमाथा

१८९३मध्ये ज्या विधवा मुलींना काढून नेलं, त्यांना परत कुठं नेलं? ज्या घरानं टाकल्या म्हणून त्या सदनात आल्या होत्या, त्याच घरी ना?

पिंपळपान

बहुतेकींना त्याच घरी. मुली नेण्याचा पालकांचा हक्क मी अजूनही मानतो, आणि बाईंनी शब्द मोडला असंही अजून मानतो. पण नेल्यावर त्यांना पुढं शिकवायला कितीजण तयार होते, हे माझ्या बाजूच्या माणसांनी तेव्हा विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं.